टेलरमास्तरांची एकेचाळिसावी खेप

पहिल्यांदा आमची नजरानजर झाली, तेव्हा त्याला बाळंतकळा येत होत्या.

थट्टा नाही करत. मी प्रात्यक्षिकाच्या खोलीचं दार ढकललं, आणि समोर टेबलावर एक चांगला उंचापुरा, मिशीवाला पुरुष गुडघे वर घेऊन पडलेला! पोट नऊ महिन्यांचं. दोन्ही मुठींत चादर. गळ्यात मात्र माप घ्यायची टेप. मला बघताच त्याने डोळे मिटून असा काही टाहो फोडला, "आई गं... मेले गं...", की माझ्या हातातला ट्रेच सुटला. चिमटे, कात्री, वाट्या, सगळं खणखणत दारापर्यंत गेलं.

त्याने एक डोळा उघडला. "सिस्टर, घाबरू नका. पहिलटकरीण नाहीये मी. ही माझी अकरावी खेप."

मी आ वासून उभी. आठ वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात काढलेली बाई मी, शेकडो बायका मोकळ्या होताना पाहिल्यात... पण हे? हे काय होतं?

तो होता आमच्या कोपऱ्यावरचा टेलर. आम्हा नर्सेसना मिडवाइफ करणाऱ्या बाईंनी कापडी पोट, कापडी बाळ, नाळ, वार, सगळं त्याच्याकडूनच शिवून घेतलं होतं. ते पोट बांधून बाळंतिणीची सोंगं घेणारी मावशी ऐन वेळी आजारी पडली, तेव्हा बाई म्हणाल्या, "मास्तर, शिवलंय तुम्ही, आता बांधाही तुम्हीच." आणि मास्तरांना त्यात गोडीच लागली. पोटाच्या आत लाल पाण्याची पिशवी असायची, तिचा चिमटा त्याच्या बोटांत. रक्त किती जाणार, पोट घट्ट लागणार की मऊ, सगळं त्याच्या हातात.

दीड वर्षाचं हे प्रशिक्षण संपलं, की साधं बाळंतपण डॉक्टरची वाट न बघता आमच्या जबाबदारीवर आम्हीच करायचं. मला ते हवंच होतं. का, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. फक्त एक आकडा मनात धरून आले होते. सात. पण ते पुढे.

बाईंचा नियम एकच. बाळंतिणीला बोट लावण्याआधी विचारायचं, "हात लावू का?" आणि विचारून थांबायचं. उत्तर येईपर्यंत.

आता मला कुठली थांबायची सवय! वॉर्डात माझं नाव 'तोफ'. पहिल्या चाचणीला मास्तर नेहमीसारखा गळा काढून ओरडायला लागला, आणि माझ्या तोंडून सवयीनं गेलंच — "ए, तोंड बंद! आवाज नको! जोर लाव!"

मास्तर माझ्याकडे बघतच राहिला. कळा द्यायच्याच विसरला बिचारा. चेहरा पांढराफटक.

बाईंनी पेन ठेवलं. "हात फार चांगले आहेत तुझे. पण नापास. शेवटच्या परीक्षेत परत असं झालं, तर तू वॉर्डात परत जाशील आणि ही जागा दुसरीला मिळेल. कळलं?"

कळलं. जिन्यात बसून मी पदराने डोळे पुसत होते, तर समोर टेप लोंबत आली.

"रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत माझं दुकान बंद असतं," मास्तर म्हणाला. अजूनही जरा पांढराच होता. "म्हणजे... बाळंत व्हायला मी मोकळा आहे."

मी रडता रडता फिसकन हसले.

तेव्हापासून दुपारची ती रिकामी खोली आमची झाली. तो पोट बांधायचा, मी हातमोजे चढवायचे. "हात लावू का?" "का?" "का म्हणजे? तपासायला!" "मग तसं सांगा ना सिस्टर. घाबरलेय मी." त्याच्याकडून इस्त्रीच्या वाफेचा आणि मशीनच्या तेलाचा वास यायचा. कानामागे खडूची रेघ. सांगू का नको, सांगू का नको, असं करत मी ती रोज नुसती बघायची.

एकदा माझ्या गणवेशाचं माप घ्यायला आला. टेप उलगडली आणि थबकला.

"बाहीचं माप घेऊ का?"

"घ्या की. त्यात विचारायचं काय?"

"बाईंचा नियम." टेप तशीच हवेत. "उत्तर नीट आलं नाही."

"घ्या."

"मनापासून?"

"मास्तर!"

त्याने मनगटापाशी टेप धरली. बोट लागलंसुद्धा नाही, आणि माझी नाडी... जाऊ दे. नर्स आहे मी, मोजली असती. मोजली नाही.

"दर वेळी माझ्याच हातून बाळंत होताय," मी म्हणाले, "लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. बाळ तुमच्यावर गेलंय म्हणतील." आणि कापडी बाळ माझ्या हातात ठेवून, माझ्याकडे न बघता टेप गुंडाळायला लागला. कान लालेलाल झालेले. मी ते बाळ किती वेळ छातीशी धरून उभी होते कुणास ठाऊक.

परीक्षेचा दिवस उजाडला. बाहेरून आलेले दोन परीक्षक, मध्ये बाई. टेबलावर मास्तर, एकेचाळिसावी खेप. मी मनात म्हटलं, हा आपला माणूस आहे, सांभाळून घेईल. नेहमीसारखा ओरडेल, विव्हळेल, मला कळेल कुठे काय होतंय ते.

मास्तर ओरडला नाही.

कळ आली तरी नाही. बाळ बाहेर आलं तरी नाही. नुसते दात आवळून पडलेला. मी विचारलं, थांबले, सांगितलं, पुन्हा विचारलं. तो फक्त मान हलवायचा. बाळ पुसून त्याच्या छातीवर ठेवलं, वार पडली, पोट दाबून पाहिलं तर चेंडूसारखं घट्ट. सगळं जागच्या जागी! एका परीक्षकाने पेनाला टोपण लावलंसुद्धा.

आणि मास्तरने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

हे मी पाहिलं होतं. असंच. दोन वर्षांपूर्वी. सात नंबरच्या खाटेवर.

आम्ही वॉर्डात नावं नाही लक्षात ठेवत, खाटेचे नंबर ठेवतो. ती पोरगी फार ओरडत होती. मी म्हटलं, आता एक आवाज काढलास तर बघ. तिने नाही काढला. बाळ झालं, तिने पांघरूण ओढलं, भिंतीकडे तोंड केलं. आत रक्त वाहत होतं, आणि माझ्या भीतीने तिने चकार शब्द काढला नाही. मी पांघरूण उचललं तेव्हा फार उशीर व्हायला आला होता. वाचली. पण कशी वाचली, ते माझं मला माहीत.

"काही होतंय का?" मी विचारलं. मास्तरने मान हलवली. नाही.

मी वाकून त्याच्या कानाशी गेले. "हे बघा... मी रागावणार नाही. तुम्ही ओरडलात तरी चालेल. रडलात तरी चालेल. मी कुठे जात नाहीये. पांघरूण काढून बघू का?"

आणि थांबले. परीक्षक घड्याळ बघायला लागले. एक... दोन... हात शिवशिवत होते, तरी मागे धरून ठेवले.

त्याने मान हलवली. हो.

पांघरूण उचललं. बाप रे! सगळी चादर लाल. पिशवी अख्खी रिकामी केलेली! पोट पुन्हा चाचपलं तर लोण्यासारखं मऊ. मग माझे हात धावले. पोट चोळायला घेतलं, मदतीला हाक मारली, इंजेक्शन, सलाईन, आणि तोंडाने प्रत्येक गोष्ट सांगत, "आता दुखेल हं, मी इथेच आहे, बाळ बघा कसं बघतंय". शेवटी पोट हाताखाली घट्ट झालं. रक्त थांबलं.

बाईंनी पेन ठेवलं. "पास."

मी आनंदाने नाचायला हवं होतं. पण मी पेटले होते. मास्तरला व्हरांड्यात गाठलं. पोट अजून बांधलेलंच, लाल पाणी ठिबकतंय.

"मला बुडवायला निघाला होतात? पिशवीच्या पिशवी सोडलीत, आणि तोंडातून चूं नाही! ज्या माणसावर मी..." जीभ चावली. "कुणी शिकवलं हे असं गप्प राहायला?"

"वहिनीने."

"कुठली वहिनी?"

"माझी. थोरल्या भावाची बायको." तो टेपशी चाळा करत होता. "दोन वर्षांपूर्वी तुमच्या वॉर्डात होती. सात नंबरच्या खाटेवर."

मी भिंतीला टेकले, मग खाली बसले. व्हरांडा फिरत होता.

"तुम्हाला... माहीत होतं?"

"तोंड बंद, म्हणालात ना त्या चाचणीत? तेव्हा कळलं. तो आवाज मी वॉर्डाच्या दाराबाहेरून ऐकला होता." तोही समोर फरशीवर बसला, पोट सांभाळत. "त्या रात्री घरी जाऊन वहिनीला सांगितलं, ती सिस्टर इथे शिकायला आलीय. मला वाटलं, म्हणेल, बरं झालं नापास झाली."

"मग?"

"म्हणाली, भावजी, ओरडणारीही तीच, आणि डॉक्टर येईपर्यंत माझ्या पोटावर दोन्ही हात दाबून उभी राहणारीही तीच. रडत होती ती. तिला नापास होऊ देऊ नका. पण गप्प बसलेली बाई तिला ओळखता येते का, ते परीक्षेत बघा." त्याने टेप बोटाला गुंडाळली. "आधी मी वहिनीसाठीच येत होतो, खरं सांगतो. मग... बाहीचं माप घेतलं त्या दिवसापासून माझ्यासाठी यायला लागलो."

वाटलं, उठावं आणि पळत सुटावं. कुठल्या तोंडाने याच्या घरात पाऊल टाकू?

"हात धरू का?" त्याने विचारलं.

मी गप्प. तो थांबला. हात पुढे, अर्ध्यावर, टेपसारखा हवेत.

बाई फायली घेऊन दारातून बाहेर आल्या. फरशीवर आम्ही दोघं, मध्ये पोट. "हे काय चाललंय?"

"उत्तराची वाट बघतोय, बाई."

"मग थांबा. नियम आहे तो." आणि गेल्या.

"वहिनींना..." माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. "त्यांना विचारा आधी. मी भेटायला आलेलं चालेल का."

"विचारून आलोय. सकाळपासून वाट बघतेय ती. पोरगीपण."

पोरगी. ते बाळ. दोन वर्षांचं झालं असेल.

"धरा," मी म्हटलं.

त्याने धरला. सुया टोचून टोचून घट्टे पडलेली बोटं, गरम. आणि मी, वॉर्डातली तोफ, भर व्हरांड्यात मोठ्याने गळा काढून रडायला लागले. येणारेजाणारे थांबून बघायला लागले, तरी थांबता येईना. त्याने एकदाही मला गप्प राहा म्हटलं नाही.