हजेरीमाती

इचलकरंजीच्या अकराव्या प्रभागातल्या सामाईक बागेत सकाळी सात वाजता खांबावरच्या पडद्यावर अक्षरे उमटली: वाफा चौदा, इंदुमती हावळ, हजर.

इंदुमतीबाई चैत्रात वारल्या होत्या. आता ज्येष्ठ संपत आला होता.

चौकशीला डॉ. केतकी सरनोबत आल्या, कारण हजेरीमाती ही त्यांच्याच प्रयोगशाळेची. त्याआधीही शहराने गल्लोगल्ली बागा काढून पाहिल्या होत्या. फीत कापायची, फोटो काढायचे, की दोन महिन्यांत तिथे गाजर गवत. वशिल्याची माणसे वाफे अडवून बसत आणि राबणारी कुंपणाबाहेर. शेवटी मातीलाच हजेरी घ्यायला शिकवले. प्रत्येकाच्या तळहातावर जीवाणूंची एक वेगळी वसाहत नांदते. केतकीताई तिला 'हस्तवस्ती' म्हणत. मातीत सोडलेली बुरशी आपल्या तंतूंनी ती ओळखते आणि खांबाला कळवते. हातमोजे बंद, एका माणसाला एकच वाफा, आणि तीन महिने गैरहजर राहिलात तर तो दुसऱ्याला. उपाय लागू पडला, हे कबूल केलेच पाहिजे. बंद पडलेल्या मागांच्या शेडच्या जागी आता दोडके लोंबत होते.

चौदा नंबरच्या वाफ्यात इंदुमतीबाईंचे यजमान तातोबा चाकवत खुरपत बसले होते. शेजारचा तेरा नंबर त्यांचा स्वतःचा, तो पार वाळला होता.

"काका, सत्तर दिवस तुमची हजेरीच नाही," केतकीताई म्हणाल्या.

"काय म्हणतायसा! रोज येतोय की ओ. ह्यो काय तुमच्यासमोर बसलोय."

"तुम्ही येता, पण हजेरी काकूंची लागते."

तातोबा हसले. मग त्यांना दिसले की बाई हसत नाहीत.

केतकीताईंनी त्यांच्या हातातले खुरपे मागून घेतले. लाकडी मुठीला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली होती, घामाने काळी आणि कडक झालेली.

"तिचं खुरपं हाय. बारा वर्सं तिनं दुसरं हातात धरलं न्हाई. चिंधी तिनंच बांधलीया."

"कधी धुतली?"

"धुऊ कशाला?"

मग केतकीताईंनी समजावून सांगितले. काकूंची हस्तवस्ती त्या चिंधीत जगली, त्यांच्या वाफ्यातही जगली. रोज ते खुरपे धरून, रोज त्याच मातीत हात घालून ती तातोबांच्या हातावर चढली. त्यांची स्वतःची मागे हटली. असे होईल हे प्रयोगशाळेत कुणाच्या डोक्यातच आले नव्हते, कारण तिथे कुणी दुसऱ्याचे खुरपे सत्तर दिवस धरले नव्हते.

तातोबांनी दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले.

"म्हंजे ती हितं हाय?"

"काकू नाहीत, काका. नुसते जीवाणू आहेत. त्यांना काकू ठाऊकसुद्धा नाहीत."

"बरं. ती हजर, मग मी कुठं गेलो?"

 केतकीताईंनी पिशवीतून एक बाटली काढली. या औषधाने आठवडाभर हात धुवायचे, चिंधी जाळायची, चौदा नंबरची माती बदलायची. तातोबांची हजेरी पुन्हा लागेल आणि तेरा नंबर त्यांच्याकडे राहील. चौदा मात्र पुढच्या माणसाला जाईल.

"आणि न्हाई धुतलं तर?"

"तर तुमचं नाव कमी होईल. दोघांतलं एक नाव कमी करावंच लागेल. तेवढा अर्ज भरा."

अर्जावर कारणे दोनच होती: स्थलांतर, मयत. तातोबांनी चष्मा पुसला, लुंगीवर कागद ठेवला आणि सावकाश, एकेक अक्षर जुळवत नाव लिहिले. तातोबा यल्लाप्पा हावळ. मग 'मयत'पुढे खूण केली.

"काका, हे खोटं आहे."

"दोघांतलं एक गेलंय, ह्ये तर खरं हाय न्हवं?" त्यांनी अर्ज पुढे केला. "त्ये मी हाय म्हणून लिवा."

केतकीताईंना रडू आले आणि त्याहून जास्त भीती वाटली. तरी अर्ज त्यांनी खांबापुढे धरला. तो मातीशी ताडून पाहिल्याशिवाय मंजूर होत नसे, आणि ही अट त्यांनीच घातली होती, कुणी खोटे लिहू नये म्हणून.

सत्तर दिवसांत त्या माणसाचा कुठेही स्पर्श नाही, असे मातीने सांगितले. अर्ज लगेच मंजूर झाला.

तातोबांनी खुरपे परत मागून घेतले आणि चाकवताची उरलेली रांग खुरपायला बसले.