केबलचं दुसरं टोक

केबलवाल्यानं आजवर शेकडो भिंतींना भोकं पाडली होती. हे काम तर त्याच्या हातचा मळ. पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत केबल न्यायची, मध्ये नऊ इंची विटांची भिंत. चहाच्या वेळेआधी मोकळं होऊ, असा त्याचा अंदाज.

घरमालक मात्र त्याची पाठ सोडेना. साठीचा, एकटा माणूस. मागच्या खोलीत भाडेकरू यायचा होता, त्याला इंटरनेट हवं होतं.

ड्रिल आत घुसलं. लाल भुकटी गळली. केबलवाल्यानं केबल हातभर सरकवली, आणि मग ती आपणहून सरकू लागली.

"बरं झालं काका, पलीकडून कुणीतरी ओढतंय."

"पलीकडे कोणी नाहीये."

केबल थांबली. मग असा हिसका बसला की चार-पाच मीटर सर्रकन आत गेली. केबलवाल्याचा तळवा सोलवटला.

घरमालक मटकन खाली बसला.

"धाकटी बहीण माझी," तो विचारल्याशिवायच बोलू लागला. "घर तिच्या नावावर. सही करीना, म्हणून त्या खोलीत कोंडली. तीन दिवस दार ठोकत होती. मी इथं बसून जेवत होतो. लोकांना सांगितलं, तापानं गेली."

केबलवाल्यानं हातातली केबल सोडून दिली.

घरमालक एकदम उसळून उठला. "मेली तरी पिच्छा सोडत नाही! द्या ती पकड, तोडूनच टाकतो." तरातरा तो मागच्या खोलीत शिरला.

दार लागलं. बाहेरची कडी आपोआप सरकली.

आतून ठोकणं सुरू झालं. "उघडा! अहो, उघडा!"

केबलवाल्यानं दोन्ही हातांनी कडी ओढली.

खोली रिकामी होती. खिडकीला गज. भिंतीच्या चुन्यावर ओरखडाही नव्हता. त्याचं भोक इकडे निघालंच नव्हतं.

ठोकणं आता भिंतीतून येत होतं.

पोलीस आले. त्यांनीही ते ऐकलं. जिथं फोडावं तिथं नुसत्या विटा निघत आणि आवाज हातभर पुढे सरके. तीन दिवस असंच चाललं.

चौथ्या दिवशी केबलवाला आपली हत्यारं न्यायला आला. घर शांत होतं. त्यानं वाकून भोकाकडे पाहिलं.

ते आतल्या बाजूनं ओल्या मातीनं लिंपून घेतलं होतं. मातीवर बाईच्या बारीक बोटांचे ठसे होते.