सकाळची गोळी

पेंटर काचेच्या बाहेरून अक्षरं रंगवत होता आणि ठमी आतून ती उलटी वाचत होती.

मावशीच्या चष्म्याच्या दुकानाला नवी काच बसली होती. ठमी म्हणजे मावशीची भाची. याच दुकानात मागच्या खोलीत ती लोकांचे डोळे तपासायची. खरं नाव वेगळं, पण मावशीने लहानपणी ठेवलेलं हे नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. दुपारची वेळ होती, तपासणीची खुर्ची रिकामी होती, आणि शिडीवरचा तो माणूस मोठमोठ्याने गात होता. मध्येच गाणं सोडून तो समोरच्या तारेवरच्या कबुतराकडे बघत राहायचा आणि मग भलत्याच ओळीपासून पुन्हा सुरू करायचा.

ठमीने शेवटची ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग काचेवर टकटक केलं.

“अहो... डोळ्यांची काय?”

“तपासणी!” बाहेरून उत्तर आलं.

“जरा मागे जाऊन वाचा बघू.”

तो शिडीवरून उतरला, ब्रश हातात घेऊन थेट रस्त्यापर्यंत मागे गेला. काचेवर लाल, देखण्या, वळणदार अक्षरात लिहिलं होतं — ‘येथे डोळ्यांची तासणी केली जाते.’

तो फुटपाथवरच बसला आणि पोट धरून हसायला लागला. “मॅडम, दुकानात रंधा ठेवता का हो?”

“ठेवते. आधी तुमच्यावर चालवून बघू?”

“चालवा की! तुम्ही चालवणार असाल तर मी हूं की चूं करणार नाही.”

आतून मावशी कडाडली, “पेंटर, दात काय काढताय! गिऱ्हाइकं पळतील माझी!”

पण ठमीही हसत होती... आणि काचेच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं एकमेकांकडे बघत जरा जास्तच वेळ हसत राहिली.

दोन दुपारींचं काम आठवडाभर लांबलं. कधी पेंटर रंग विसरून यायचा, कधी यायचंच विसरायचा, आणि आला की बोलत सुटायचा. एका सर्कशीच्या फलकाची गोष्ट सुरू व्हायची, ती हत्तीवरून केळ्यांवर, केळ्यांवरून त्याच्या शाळेतल्या घसरगुंडीवर जायची आणि सर्कस बिचारी तिथेच राहायची. एकदा त्याने रंगाचा ब्रश ठमीच्या चहात बुडवला. “चहाला रंग आला,” तो गंभीर चेहरा करून म्हणाला. ‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

संध्याकाळी ते कालव्याच्या कडेने फिरायला जायला लागले. तो दर दहा पावलांवर थांबायचा. पाण्यात पडलेला दिवा, भिंतीवरची पाल, कुणाच्या तरी खिडकीतला निळा पडदा... “बघ ना, बघ!” म्हणत तो तिचा हात धरायचा आणि सोडायचं विसरायचा. त्याचं हे एक विसरणं ठमीला फार आवडायचं.

“ठमे,” मावशी म्हणाली, “लोकांचे डोळे तपासता तपासता तुझेच कुठे अडकलेत ते दिसतंय हं मला.”

“काहीतरीच काय गं मावशी!” ठमी म्हणाली आणि लाल झाली.

मग एका सोमवारी दुपारीच फिरायला जायचं ठरलं आणि तो अगदी वेळेवर आला.

तिथेच काहीतरी वेगळं होतं. तो शांत होता. शेजारून सरळ चालत होता, भिंतीवरच्या पालीसाठी थांबत नव्हता. “हो,” म्हणायचा. “बरं, मग?” म्हणायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी कालव्यावर तिने त्याच्यासमोर ठेवलेलं खाणं त्याने अर्धं तसंच सोडलं आणि पाण्याची बाटली मात्र रिकामी केली. तिने हात हातात घेतला तर बोटं गारठलेली. ठमी वडिलांबद्दल काहीतरी सांगायला लागली होती, पण त्याचा स्थिर चेहरा पाहून मध्येच गप्प झाली. कंटाळलाय हा आपल्याला, तिच्या मनाने घेतलं. चार दिवसांचं कौतुक होतं, संपलं.

तिने शेवटी विचारलंच. “माझं काही चुकलं का?”

तो कालव्याच्या कठड्याला टेकला. “तुझं नाही गं. मी... मी गोळी घेतो. रोज सकाळी. शाळेत होतो तेव्हापासून.”

“कसली गोळी?”

“लक्ष एका जागी राहायची. मला एडीएचडी आहे. गोळी नसली की डोक्यात दहा रेडिओ एकदम लागतात आणि त्यातला एकही बंद करता येत नाही. वर्षातून एकदा, कामं कमी असतात तेव्हा, डॉक्टर मला थोडे दिवस सुट्टी देतात. वजन, रक्तदाब सगळं बघतात. गोळी अजून लागतेय का, तेही बघतात.” तो जरासा हसला. “तू भेटलीस ती नेमकी सुट्टीत.”

“आणि सुट्टी संपली.”

“संपली. लागतेच म्हणाले डॉक्टर. शिवाय आता नाट्यगृहाचा मोठा फलक आहे, उंचावरचं काम.”

ठमी त्याच्याकडे वळली. “मग माझ्याशी इतकं बोलला, हसला, तो कोण होता रे?”

“मीच.”

“आणि हा?”

“हाही मीच. पण कुणाला पटत नाही ते.” तो पाण्याकडे बघत म्हणाला. “आई म्हणते, गोळीने माझं हसरं पोर नेलं. जिच्याशी लग्न ठरत होतं ती म्हणायची, गोळी घेतल्याशिवाय मला भेटायला येऊ नकोस. प्रत्येकाला माझ्यातला अर्धाच हवा असतो.”

त्या वेळी गप्प बसली असती तरी चाललं असतं. पण ठमी दुखावली होती, आणि दुखावलेल्या माणसाच्या तोंडून खरं तेच निघतं, फक्त अर्धवट निघतं.

“मला तो पहिला आवडला होता,” ती म्हणाली.

त्याने मान हलवली. बाटलीचं झाकण नीट फिरवून घट्ट लावलं.

दोन-तीन दिवसांनी तो उशिरा आला. गात आला! शर्टाची बटणं वरखाली लागलेली, खिशात तिच्यासाठी कुठूनतरी उचललेलं एक पिवळं पान. ठमीला समजलं. पण तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं उत्तर मिळालं असतं, आणि तिला ते नको होतं.

पुढच्या आठवड्यात एक बाई दुकानात आल्या. पेंटरच्या थोरल्या ताई. त्यांनी चष्म्यांकडे पाहिलंही नाही.

“ठमी तुम्हीच ना? घाबरू नका, तो बरा आहे. फलक रंगवताना परांचीवरून खाली पडला. वाळूच्या ढिगावर पडला म्हणून मनगटावर निभावलं.” ताई जवळच्या खुर्चीत बसल्या. “कमरेचा पट्टाच लावला नव्हता हो. खाली कुणाचा तरी पतंग अडकला होता, तो बघत वाकला. गोळी परस्पर बंद केली होती त्याने, डॉक्टरांना न विचारता. का, ते सांगत नाही. तुम्हाला काही माहीत आहे का?”

ठमीने पुसत असलेला चष्मा खाली ठेवला. “माहीत आहे,” ती म्हणाली.

मावशीने तिच्या हातातली कापडाची घडी काढून घेतली. “जा. गिऱ्हाइकं मी बघते.”

पेंटरच्या खोलीत टर्पेंटाइनचा वास होता. तो खिडकीशी बसला होता, हात प्लास्टरमध्ये. शांत. गोळी पुन्हा सुरू झाली होती, डॉक्टरांची बोलणी पोटभर खाऊन.

“मी तुला बंद कर म्हणाले नव्हते,” ठमी उभ्या उभ्याच म्हणाली, “पण...”

“पण मला तसंच ऐकू आलं.”

“तसंच म्हणायचं होतं रे मला.” तिचे डोळे भरून आले. “चुकलं माझं. फार चुकलं. तू पडलास...”

“बस आधी. रडतेस कसली? डॉक्टर म्हणतात, गोळी म्हणजे डोक्याचा चष्माच.”

“मला नको सांगूस, मी चष्मेच विकते. चष्म्याने कुणाची भूक मरत नाही, बोटं गार पडत नाहीत.”

तो हसला. अगदी थोडंसं, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं. मग म्हणाला, “त्या दिवशी तुझं सांगायचं राहिलं. बाबांचं.”

“कोणत्या दिवशी?”

“कालव्यावर. त्यांची नजर गेल्यावर तू शाळेतून आलीस की ते तुला बोलायला लावायचे आणि आवाजावरून फ्रॉकचा रंग ओळखायचे. एकदा निळा म्हणाले... आणि तू थांबलीस. पुढे काय झालं?”

ठमी त्याच्याकडे बघतच राहिली. कंटाळा वाटला होता तिला तो! आणि त्याने शब्द न् शब्द जपून ठेवला होता. त्या आधीच्या झगमगत्या दिवसांत हीच गोष्ट तिने दोनदा सुरू केली होती. दोन्ही वेळा तो मध्येच कुठल्यातरी पोपटाकडे पळाला होता. तेव्हा ती इतकी हसत होती की आपलं एकही वाक्य पूर्ण होत नाहीये, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

“फ्रॉक हिरवा होता,” ती हळूच म्हणाली. “पण मी हो म्हटलं. तेव्हापासून रोज निळाच घालायला लागले...”

तिने सगळं सांगितलं. बाबा गेले तिथपर्यंत. तो एकदाही हलला नाही. कुणी आपलं इतकं शेवटपर्यंत ऐकलंय, असं ठमीला पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

उन्हं उतरली तसा तो चुळबुळायला लागला. “आता निघ तू. गोळी उतरते या वेळेला. तासभर मी माणसात नसतो.”

“आणि तासाभराने?”

“भूक लागते. राक्षसासारखी.”

“मग मी बसते गप्प. भूक लागली की सांग.”

आणि ती बसली. तो खुर्चीवर चिडला, खिडकीवर चिडला, वाटेत आलेल्या स्वतःच्याच चपलांवर ओरडला. ठमी ओठ दाबून बसून होती. हळूहळू खोलीतलं वादळ ओसरलं. तो स्वयंपाकघरात गेला, डाव्या हाताने जे सापडेल ते ताटात घेऊन आला आणि तोंडात घास असतानाच बोलायला लागला. डॉक्टरांची मिशी, मिशीवरून मांजर, मांजरावरून... आणि एकाएकी तो थांबला.

“तू काहीतरी म्हणत होतीस का?”

“हो. मला तू आवडतोस म्हणत होते.”

घास हातातच राहिला. “कुठला?”

“हा समोर जेवतोय तो. मघाशी चपलांना शिव्या घालत होता, तोही. आणि दुपारी ऐकत बसला होता तो तर सगळ्यात जास्त. पण त्याला सांगू नकोस, शेफारेल.”

त्याने घास ताटात परत ठेवला. त्याचे कान लाल झाले. “सकाळपर्यंत टिकेल ना हे?”

“सकाळी गोळी घ्यायच्या आधी एकदा सांगेन, घेतल्यावर एकदा.”

“त्यासाठी...” त्याने ताट बाजूला ठेवलं, तिच्या बोटांत आपली बोटं गुंफली. आता ती उबदार होती. “त्यासाठी तुला रोज सकाळी इथे असावं लागेल.”

ठमीने मान खाली घातली. हसू काही लपलं नाही.

“मग रविवारी ये मावशीकडे मागणी घालायला,” ती म्हणाली. “आणि वेळेवर ये रे बाबा... माझ्यासाठी एवढं कर.”