पिकअपसाठी आलेलं स्थळ

भर चौकात माझी पिकअप धापा टाकत बंद पडली, तेव्हा मागच्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले. एकच माणूस स्कूटर बाजूला लावून पुढे आला. बॉनेट उघडून त्याने डोकं आत घातलं... आणि बाहेर काढेचना.

"काही सांगाल, की आतच मुक्काम आहे?" मी म्हणाले. मागे गुलाबाची रोपं उन्हात माना टाकत होती, माझं टाळकं सटकलेलं.

"इंजिनाने हात टेकलेत," तो हळूच म्हणाला, घरातलं कुणी आजारी असल्यासारखा. "माझं गॅरेज पलीकडेच आहे. ढकलू या?"

ढकलली. इंजिन उघडून झालं आणि दुरुस्तीची आशा संपली. बाबांनी निकाल लावला – गाडी भंगारात, आणि मी शहरात दादाकडे, त्याच्या ऑफिसात. माझी रोपवाटिका त्या पिकअपवरच चालायची. मिस्त्रीसमोर रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण रडलेच.

"याच मॉडेलचं चांगलं जुनं इंजिन बसवता येईल," तो गडबडून म्हणाला. "फक्त सगळं जुळायला हवं. स्थळ बघण्यासारखंच असतं ते."

"मग बघा की. माझा होकार आहे."

तो कानापर्यंत लाल झाला. मग माझ्या लक्षात आलं, मी काय बोलले ते.

रोज संध्याकाळी माझी गॅरेजमध्ये फेरी सुरू झाली. तो एकेक इंजिन नाकारत होता.

"फारच चोखंदळ हो तुम्ही," मी चिडवायची.

"तुमच्यासाठी बघतोय ना..." एवढं बोलून तो पाना शोधायला लागायचा. पाना त्याच्या हातातच असायचा.

एकदा फोन घरी विसरून मी रोपांना पाणी द्यायला गेले. परतले तर आई डोक्याला हात लावून बसलेली.

"तुझ्या मिस्त्रीचा फोन होता. मला हॅलोसुद्धा म्हणू दिलं नाही. म्हणे स्थळ मिळालं, अगदी जुळतंय. धूर सोडत नाही, पीत नाही, सकाळी एका हाकेत उठतं. आधीच्या घरी अपघात झाला, पण याला ओरखडाही नाही." आईचा आवाज कापरा झाला. "पोरी, बिजवर आहे गं ते!"

मी हसून हसून खाली बसले.

इंजिन बसलं. मी किल्ली फिरवली आणि गाडी खरंच एका हाकेत उठली. रोपवाटिका वाचली, मी राहणार होते. मिस्त्रीचा चेहरा मात्र पडला.

"झालं... आता तुम्हाला इकडे यायचं कारण नाही."

मग मी त्याला आईचा घोटाळा सांगितला. त्याने कपाळावर हात मारला, तेलाचा डाग उमटला.

"आई म्हणते, गाडीचं जमलं, मुलीचं कधी?"

तो फडक्याला हात पुसत राहिला. "एक आहे... बिजवर नाही. धूर नाही, पिणं नाही. पण सकाळी एका हाकेत उठत नाही. खोटं कशाला सांगू?"

"किती हाका लागतात?"

"तू मारणार असशील तर... एक पुरेल."

पहिल्यांदाच तो मला 'तू' म्हणाला होता. मी इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि त्याच्यासमोरच घरी फोन लावला.

"आई, आधी खाली बस. स्थळ मिळालंय... नाही गं, या वेळी माझंच."