पाठीवर काढलेले अक्षर

आबांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहिली, ‘कुणीही आत येऊ नये.’ अक्षर कसे वळणदार! पाच मिनिटांनी तीच चिठ्ठी नातीपुढे धरून ते म्हणाले, “केतकी, हे काय लिहिलंय गं?”

पहिलीतल्या केतकीला वाटले, आबा चेष्टा करताहेत. “तुम्हीच तर लिहिलंत!”

“लिहिता येतं. वाचता येत नाही,” आबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

हे सन २०६१. आबा मेंदूचे शास्त्रज्ञ. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्याच मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी तुंबली. चालणे, बोलणे, लिहिणे शाबूत राहिले. डोळ्यांपुढची अक्षरे मात्र मुंग्यांच्या रांगेसारखी दिसू लागली. घरातले यंत्र पुस्तके वाचून दाखवी. आबा ते बंद करत. उद्या प्रयोगशाळेला कायमचे कुलूप लावायचे, असे त्यांनी केतकीच्या आईला सांगितले होते.

“आबा, आमच्या वर्गात या ना. बाई सगळ्यांना वाचायला शिकवतात.”

“नव्यांना शिकवतात, बाळा. मोडलेल्यांना नाही.”

पडदे ओढलेल्या खोलीत ती त्यांच्या पाठीशी जाऊन बसली. दुसरे काही सुचेना, म्हणून तिने मधल्या सुट्टीतला खेळ काढला. आबांच्या पाठीवर बोटाने एक अक्षर गिरवले. “ओळखा!”

“म. आता जा.”

“आणि हे?”

“ळ. अगं, गुदगुल्या होतात...” आबा एकदम थांबले. उठून बसले.

त्यांनी कपाटातून मेंदूदर्शक टोपी (मेंदूचा कोणता भाग काम करतो ते पडद्यावर उजेडाने दाखवणारे यंत्र) काढून डोक्यावर चढवली. केतकीने कागदावरचा ‘म’ दाखवला. पडद्यावर मागच्या बाजूला एक डाग काळाच राहिला. तिने पाठीवर ‘म’ काढला. वरच्या बाजूला उजेड पेटला आणि पुढे सरकला.

“डोळ्यांनी अक्षर ओळखणारी जागा गेली,” आबा हळूच म्हणाले. “पण अक्षरांचे आवाज नि अर्थ दुसरीकडे असतात. स्पर्श तिथं वेगळ्या वाटेनं पोचतो. जन्मभर हे शिकवलं मी, आणि स्वतःवर करून बघायचं सुचलं नाही!”

“मग तो काळा डाग जाईल?”

“नाही.”

मग आबांनी केतकीचे पुस्तक ओढले आणि एकेका अक्षराच्या वळणावरून बोट फिरवत ते ओळखू लागले. संध्याकाळपर्यंत दीड ओळ झाली. बोट दुखू लागले.

“ती जागा मला जन्मापासून आहे का?” केतकीने विचारले.

“जागा असते, पण तिला अक्षरं ठाऊक नसतात. तुम्ही पहिलीत गिरवता, मोठ्यानं वाचता, चुकता, पुन्हा वाचता. तेव्हा चेतापेशी (मेंदूत निरोप नेणाऱ्या पेशी) एकमेकींशी घट्ट जोडल्या जातात. पायवाट पडते तशी वाट पडते. मलाही आता बोटानं दुसरी पाडावी लागेल. वेळ लागेल फार.”

“आणि कुलूप?”

“परवा बघू.”

आबांनी टोपी तिच्या डोक्यावर ठेवली. ती कानांपर्यंत खाली आली. केतकीने पान उलटले. “फ... ण... स. फणस!”

आबांच्या मेंदूत जिथे काळोख होता, नेमका तिथेच तिच्या मेंदूत एक फिकट ठिपका लुकलुकला, विझला, पुन्हा पेटला. आबांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

“पुन्हा वाच,” ते म्हणाले. “सावकाश.”