नावाआधीची रेघ

टण्ण—हातातला टंबलर फरशीवर पडला, आणि दुपारच्या सामसूम घरात मीच दचकले. कंप्युटरच्या पडद्यावर आलं होतं: एडीटी ४३, टीकेएम ९... ही नावं चालणार नाहीत.

"चालणार नाहीत म्हणजे? भाताची नावं आहेत ती! सगळ्या तंजावूरला ठाऊक आहेत!"

"तंजावूरला ठाऊक हो... एक्सेलला नाही ना." कीबोर्डपाशी बसलेल्या माणसाच्या ओठांच्या कडेला हसू. नेहमीचा माणूस तापाने पडला, म्हणून कंप्युटरच्या दुकानाने पापनाशमच्या या श्रीकरना पाठवलेलं—जुन्या फायली नव्या २००७च्या एक्सेलमध्ये घ्यायला. "नव्यात रकाने हजारोंनी वाढलेत. एडीटी हा आता एक रकानाच झालाय, आणि एडीटी ४३ म्हणजे त्यातलं त्रेचाळिसावं घर. तुमचं भात दुसऱ्याच्या पत्त्यावर राहतंय, अम्मा."

"मग... पुसणार?"

बियाण्यांचं हे काम माझ्या यजमानांनी, वैद्यनाथांनी सुरू केलेलं. फायलीत प्रत्येक भाताच्या हिशेबाच्या घराला ही नावं त्यांनीच दिलेली. ते जाऊन दोन वर्षं झाली, मी एक अक्षर हलवलं नव्हतं.

श्रीकरनी कीबोर्डवरचे हात अलगद उचलले. "पुसायचं कशाला? नावाआधी एक छोटी रेघ घालतो. नाव तेच राहील."

मग ते रोज संध्याकाळी येऊ लागले. एका दिवशी एकच नाव!

"आज टीकेएम ९ही करून टाका की."

"एका कॉफीत एकच भात होतं, अखिलाम्मा."

"मग दुसरी घ्या!"

"दुसरी... उद्या."

मीही हळूहळू पाचच्या सुमारास आरशात डोकावू लागले.

शेवटचं नाव झालं त्या दिवशी ते उठेचनात. "एक सांगू? ती रेघ एक्सेल आपणहून घालतं. सगळ्या नावांना... एका क्षणात."

मी थिजले. "अय्यो! मग इतके दिवस—?"

"इतके दिवस धीर गोळा करत होतो." कान लालबुंद. "माझ्याशी लग्न कराल, अखिला? त्यांचं काहीच पुसायला सांगणार नाही."

मी "हो" म्हणाले. म्हणाले हे मला माझ्याच आवाजावरून कळलं—छातीत नुसती धडधड!

दारात माझी लेक सौम्या उभी होती, शाळेची वही छातीशी धरून. वहीवर तिचं नाव, आणि इथल्या रीतीप्रमाणे नावाआधी वडिलांचं अक्षर: व्ही. सौम्या.

तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अम्मा... आता माझ्या नावाआधी व्हीच राहील, की एस लागेल?"