डावी कड

छपाईच्या दुकानदारानं काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा मोठा कागद गुंडाळता गुंडाळता विचारलं, "काका, बुद्धिबळाला घरं जरा जास्तच झाली नाहीत का?"

"बुद्धिबळ नाही हो. भिंगाची खोड मोजायची आहे," प्राध्यापक म्हणाले आणि तिथेच उभ्या उभ्या चौकोन मोजले. दहा गुणिले सात. बरोबर होते. दुकानाबाहेर पडल्यावर त्यांनी ते पुन्हा मोजले. प्रकाशशास्त्र शिकवण्यात उभा जन्म गेला होता, तरी उत्तराखाली रेघ मारताना त्यांचा हात अजून अडखळायचा.

आज अडखळून चालणार नव्हतं. दुपारी चार वाजता परिवहन कार्यालयात त्यांच्या मुलीची सुनावणी होती. मुलगी लोकांना गाडी चालवायला शिकवायची. मागच्या आठवड्यात एक शिकाऊ गृहस्थ चालवत होते, ती शेजारी डाव्या सीटवर होती, आणि फुटपाथच्या कडेला उभा असलेला एका गोदामाचा पहारेकरी पडला. मनगट मोडलं. गाडीनं धक्का दिला, अशी त्याची तक्रार. ती खरी ठरली तर मुलीचा शिकवण्याचा परवाना कायमचा जाणार होता. पुरावा एकच, काचेला चिकटवलेल्या डॅशकॅमचं तीन मिनिटांचं चित्रण. आणि त्यात तर पहारेकरी अगदी बॉनेटला टेकलेला दिसत होता.

"रुंद कोनाचं भिंग आहे ते," त्यांनी मुलीला समजावलं होतं. "अख्खा रस्ता पोटात घ्यायचा म्हणून कडेचं सगळं ताणतं, वाकवतं. किती वाकवतं ते कळलं की चित्र सरळ करता येतं."

"मग करा सरळ. तुमच्या जावयाला सरळ करणं काही जमलं नाही, निदान चित्राला तरी करा."

भर उन्हात, घरामागच्या अंगणात, मुलगी चौकोनांचा कागद चिकटवलेली फळी धरून गाडीसमोर उभी राहिली. प्राध्यापक गाडीत बसून सूचना देत होते. वर धर, तिरकी धर, अगदी कोपऱ्यात ने.

"बाबा, लग्नात फोटोग्राफरनंसुद्धा एवढं छळलं नव्हतं!"

"अजून एकच."

"हे तुम्ही अकराव्यांदा म्हणताय."

बावीस फोटो झाले. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून त्यांनी भिंगाची खोड आकड्यांत पकडली आणि चित्रण त्यातून काढलं. झिंगल्यासारखे कलंडलेले विजेचे खांब एकामागून एक ताठ उभे राहिले! गोदामाची भिंत पट्टीनं आखल्यासारखी सरळ झाली. प्राध्यापकांनी टेबलावर थाप मारली, चष्मा खाली पडला, त्याचंही भान राहिलं नाही. खांबांमधलं अंतर त्यांनी आदल्या दिवशी स्वतः टेप लावून मोजलं होतं. त्यावरून हिशेब केला. गाडी आणि पहारेकरी यांच्यात साडेचार फूट मोकळी जागा होती. एवढंच नव्हे, गाडी त्याच्यापाशी पोहोचण्याआधीच तो आपणहून मागे सरकत होता.

"साडेचार फूट!" मुलीनं त्यांना खुर्चीसकट मिठी मारली. "बाबा, वाचवलंत मला! कपडे बदलून येते, लगेच निघू."

ती आत गेली. ते एकटेच हसत बसले. चित्राच्या तळाशी तारीख आणि वेळेचे आकडे कमानीसारखे वाकले होते. ते अपेक्षितच होतं. आकडे कॅमेरा मागाहून चित्रावर छापतो. ते भिंगातून येत नाहीत, म्हणून मुळात वाकलेले नसतात, आणि सगळं चित्र सरळ करायला गेलं की नेमके तेच वाकतात. काय सुंदर उदाहरण! आज वर्ग असता तर फळ्यावर लिहिलं असतं, भिंगातून आलं ते वाकलेलंच असणार.

मग त्यांचं लक्ष डाव्या कडेकडे गेलं.

ताठ खांबांच्या रांगेत एक बाई वाकडी होती. धनुष्यासारखी, डोक्यापासून पायापर्यंत.

त्यांनी मूळ चित्रण उघडलं. तिथे खांब वाकडे होते, भिंत वाकडी होती, पहारेकरी ताणलेला होता. आणि बॉनेटच्या डाव्या कोपऱ्याशी ती बाई... ओळंब्यासारखी सरळ.

आपलंच काहीतरी चुकलं असणार. आकडे पुन्हा काढले. चौकोन सरळ येत होते, खांब सरळ येत होते. काचेवरचं प्रतिबिंब? पण प्रतिबिंबही भिंगातूनच येणार, तेही वाकणार. त्यांनी चित्रण एकेक चित्र पुढे सरकवलं. खांब मागे पळत होते, फाटक आलं आणि गेलं. ती मात्र आकड्यांसारखी चौकटीत जागच्या जागी होती. फक्त पावलं हलत होती. गाडी ताशी तीस किलोमीटरनं जात होती, आणि ती शांतपणे, अजिबात घाई न करता, मुलीच्या बाजूनं, गाडीबरोबर चालत होती.

त्यांनी लॅपटॉपचा पडदा आतल्या दारापासून दुसरीकडे वळवला.

"बाबा, झालं का?" आतून हाक आली.

सरळ केलेल्या चित्राच्या कडा फाटल्यासारख्या होतात, त्या कापाव्याच लागतात. सगळेच कापतात. त्यांनी डावी कड नेहमीपेक्षा बोटभर जास्त कापली. बाई गेली. "झालं," ते म्हणाले.

सुनावणीला अधिकाऱ्यांनी चित्रण दोनदा पाहिलं. "यात तर सरळसरळ जागा दिसतेय. धक्का लागलाच कसा?"

प्लास्टरमधला हात छातीशी धरून पहारेकरी पडद्याच्या अगदी जवळ गेला. "साहेब, ही डावी बाजू... कापलीय का?"

खोलीत सगळे प्राध्यापकांकडे बघू लागले. मुलगीसुद्धा.

"कडा कापाव्याच लागतात," ते म्हणाले. शब्द न् शब्द खरा होता.

पहारेकऱ्यानं त्यांना निरखून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "असू द्या साहेब. माझाच पाय घसरला असेल."

तक्रार निकाली निघाली. मुलगी सही करायला आत थांबली, तेवढ्यात पहारेकऱ्यानं प्राध्यापकांना बाहेर गाठलं.

"तुम्ही बघितलीत ना तिला?"

प्राध्यापकांनी मागे दाराकडे पाहिलं. मुलगी अजून आतच होती.

"तिला वाट द्यायलाच मी मागे सरलो, काका. वाटलं, गाडीतल्या माणसांबरोबरची असेल. मग गाडीचा वेग ध्यानात आला... आणि तसाच मागे कोलमडलो. हे कुणाला सांगणार? गाडीनं पाडलं म्हटलं, तेवढं तरी लोकांना पटतं."

"तिनं... काही केलं?"

"मला काही नाही. ती काचेतून आत बघत होती. तुमच्या पोरीकडे. आपलं लेकरू झोपलंय का, असं बघतो ना आपण... तसं."

मुलगी परवाना नाचवत बाहेर आली. "बाबा, पाचच्या शिकवणीचे गृहस्थ खाली येऊन थांबलेत! त्यांना एक फेरी मारून आणते. तुम्ही रिक्षानं जा, आणि आता तरी जरा हसा!"

"आजचा दिवस राहू दे ना, बाळा."

"का?"

परवाना तिच्या हातात होता, त्यावरचा शिक्का अजून ओला होता. तो कशाच्या जोरावर मिळाला, हे सांगायला त्यांची जीभ रेटली नाही. "ऊन आहे," ते म्हणाले. ती खळखळून हसली आणि पळाली.

ते कठड्याशी उभे राहिले. शिकाऊ गृहस्थांनी दोनदा गाडी बंद पाडली, तिसऱ्यांदा ती सुरळीत निघाली. डाव्या खिडकीत मुलीचं कोपर आरामात बाहेर टेकलेलं होतं. लख्ख ऊन होतं. मध्ये काच नव्हती, भिंग नव्हतं. गाडीशेजारी कुणीच नव्हतं. प्राध्यापकांनी श्वास सोडला.

पुढे बसथांब्यावर तीन माणसं उभी होती. गाडी जवळ आली तशी ती तिघंही, आपापल्या बोलण्यात खंड न पडू देता, एकेक पाऊल मागे सरली.

आणि मुलीनं, मान न वळवता, शेजारून चालणाऱ्याला जागा द्यावी तसं कोपर आत घेतलं.